आत्याबाईचं जाळं

९ जानेवारी

खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. ऑफिसात फोन आहे, पण तो कारकुनाच्या टेबलावर असतो. मी बोलायला लागले की कारकुनाची लेखणी थांबते आणि कान टवकारतात. शिवाय फोनवर तू नुसता "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस. पत्र कसं टेबलावर पडून डोळ्यांत खुपत राहतं.

तर काम असं आहे. आमचा दवाखाना डोंगराच्या कुशीत. हवा चांगली म्हणून जुन्या लोकांनी क्षयाच्या रोग्यांसाठी इथे बांधला. हवा येते, पण मोबाइलचं एक टिपूसही येत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरला मात्र तारेतून इंटरनेट येतं, त्यावरून वरच्या कचेरीत रिपोर्ट जातात. ती तार तेवढीच. मला तेच इंटरनेट माझ्या बंद वॉर्डात हवेतून पाहिजे. बंद वॉर्ड म्हणजे जिथे रोगी महिनोन्महिने असतात आणि भेटायला कुणाला सोडत नाहीत तो.

तू त्या हिरव्या पाट्या घेऊन सतत काहीतरी जोडत बसतोस, म्हणून तुला विचारते. होईल का? होत असेल तर कसं, आणि माझ्यासारखीला जमेल असं?

सूनबाईला आशीर्वाद. चिऊला पापा.

तुझी आत्या


१७ जानेवारी

आत्या, नमस्कार.

म्हणजे शेवटी मालिकांनी तुलाही गाठलं तर! आयुष्यभर आम्हाला "टीव्ही बंद करा, डोळे फुटतील" म्हणून ओरडलीस आणि आता हेड सिस्टर झाल्यावर वॉर्डात बसून सासवा-सुनांची भांडणं बघणार. बघ बाई, निवृत्तीला तीन वर्षं उरली, एवढा हक्क तुझा आहेच.

सोबत पार्सल आहे. त्यातली पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पाटी म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर आहे. हसू नकोस, खरंच आहे. एरवी त्याला पडदा, कळफलक सगळं जोडता येतं, पण तुला त्यातलं काही लागणार नाही. त्याच्या पोटात एक मेमरी कार्ड बसवलंय, नखाएवढं. सगळं शहाणपण त्यात आहे. तार एका बाजूने आत जाते, आणि जे तारेतून आलं ते तो रेडिओसारखं हवेत सोडतो. बाजारात तयार राउटर मिळतो, पण तो आणून जुळवून कोण देणार तुला तिथे? हा मी इथेच सगळं ठरवून, शिकवून पाठवतोय. घरून डबा भरून द्यावा तसं.

ऑफिसातून वॉर्डापर्यंत पुरेल अशी लांब तार गुंडाळून दिली आहे. एक टोक ऑफिसच्या पेटीत, दुसरं पाटीत, 'टक' वाजेपर्यंत आत ढकल. मग चार्जर लाव. दोन-तीन मिनिटांत फोनवर जाळ्याचं नाव दिसेल. नाव मी "आत्याबाई" ठेवलंय. पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर आहे.

एक कर. कारकुनाला विचारून ऑफिसच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता कळव. चार आकडे असतात, मधे टिंबं.

इकडे सगळं ठीक. चिऊ आता तीन वर्षांची होईल. बोलत नाही अजून, पण आपल्या घरात सगळेच उशिरा बोलले. बाबा तर म्हणे चौथ्या वर्षी बोलले आणि मग थांबलेच नाहीत.

तुझा खटपट्या


२९ जानेवारी

खटपट्या,

मालिका तुझ्या डोक्यात. ऐक आता.

माझ्या वॉर्डात एक शिंपी आहे. वय पस्तिशीचं, हात असे की कापडाकडे बघूनच ते सरळ व्हावं. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, जन्मापासून. त्याची बायकोही तशीच. दोघं मिळून दुकान चालवतात, इथून दिवसभराच्या प्रवासावर. त्याचं औषध वर्षभराचं आहे आणि गोळ्या अशा जहाल की भल्याभल्यांची आतडी पिळवटतात.

पहिल्या महिन्यात बायको भेटायला आली. आत सोडता येत नाही. ती खाली अंगणात उभी राहिली आणि हा वर खिडकीत. काचेतून दोघांचे हात असे काही चालू झाले की मला वाटलं कडाक्याचं भांडण पेटलं. मी धावत गेले, तर हा हसत होता! अर्धा तास दोघं बोलली, खिडकी बंद असताना. आमच्या वॉर्डात दुसरे रोगी आणि त्यांची माणसं खालून-वरून घसा फोडून ओरडतात तरी अर्धं कळत नाही. मला तेव्हा हेवा वाटला, खरं सांगते.

पण दुकान सोडून तिला पुन्हा येता येईना. दोघांनाही लिहायचं म्हणजे मापं आणि गिऱ्हाइकांची नावं, त्यापुढे गाडी जात नाही. त्यामुळे पत्राचीही सोय नाही. इथे त्याची भाषा कुणालाच येत नाही. आम्ही आपलं 'जेव', 'झोप', 'गोळी घे' एवढं हातवारे करून सांगतो, म्हणजे माणसाशी नव्हे, तान्ह्या बाळाशी बोलल्यासारखं. महिना झाला, तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. गोळ्या गालात धरून नंतर थुंकतो, मी पकडलं त्याला. एकदा पिशवी भरून फाटकापर्यंत गेला होता. औषध अर्ध्यावर टाकून गेला तर तो वाचणार नाही, आणि बायकोलाही आजार देईल. हे मी त्याला हातवाऱ्यांनी कसं सांगू?

म्हणून मला जाळं हवंय. समजलं?

आता तुझ्या पाटीचं. तार गॅलरीतून, झरोक्यातून आणली. पाटी कुणी पळवू नये म्हणून औषधांच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. फोनवर काहीही दिसेना. कपाट उघडलं की "आत्याबाई", बंद केलं की गायब! आता कपाटाच्या डोक्यावर ठेवली आहे. नाव दिसतं, पासवर्ड घेतं, पण पुढे ठणठणगोपाळ. काहीच येत नाही. शिवाय लाल दिवा सारखा मिचमिचतो आणि मधूनच सगळं बंद पडून पुन्हा सुरू होतं. तुझा चार्जर नवा कोरा आहे, म्हणून जपून ठेवला आहे. सध्या धाकट्या नर्सचा जुना लावलाय.

कारकुनाने सांगितलेले आकडे: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चार.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

मालिकांबद्दल कान धरतो. पत्र तुझ्या सुनेला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता उठून आत गेली.

आधी चार्जर. अगं, तो लावण्यासाठी पाठवला होता, रुखवतात मांडायला नाही! जुन्या चार्जरने पाटीचं पोट भरत नाही, तिला घेरी येते आणि ती बसकण मारते. लाल दिवा मिचमिचतो तो त्याचाच. आजच नवा लाव.

कपाटाचं कोडं तू स्वतःच सोडवलंस. लोखंडाच्या पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत.

आता खरी गोची. ती माझी. वॉर्डातल्या खाटांना असतात तसे तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना आधीच नंबर आहेत, 'एक' मालिकेतले. आणि मी तुझ्या वॉर्डालाही डोळे झाकून तेच नंबर दिले. आता समज, वरून चार नंबरच्या खाटेसाठी डबा आला. कुठल्या चार नंबरला द्यायचा? पाटी बिचारी डबा हातात घेऊन दारातच उभी. नवीन कार्ड पाठवतोय, त्यात तुझ्या वॉर्डाला 'पन्नास' मालिका दिली आहे. पाटी बंद करून जुनं कार्ड काढ, नवं सरकव, चालू कर. कार्ड उलटं घालू नकोस, जोर लावावा लागला तर समज की चुकतंय.

झालं की आधी माझ्याशी व्हिडिओवर बोलून बघ. शिंपीदादाच्या बायकोला तिकडे फोन घेऊन बसवायचं आणि ऐन वेळी चित्र अडकायचं, असं नको. रविवारी दुपारी चारला मी घरी असतो.

आणि काय गं, मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेतली आहेस ना?

तुझा खटपट्या


१८ फेब्रुवारी

खटपट्या,

तुला काय लिहायचं! रविवारी तू, सूनबाई, चिऊ असे तिघं माझ्या वॉर्डात, त्या एवढ्याशा फोनमध्ये. चित्र कसं लख्ख. मी डोळे पुसत होते ते तुला दिसू नये म्हणून फोन जरा छताकडे केला होता. तू "आत्या, पंखा दिसतोय" म्हणून ओरडत होतास.

शिंपीदादा माझ्या मागे उभा होता, तोंडाला मास्क बांधून. आधी नुसता लांबून बघत होता. मग चिऊ तुझ्या मांडीवरून पुढे सरकली आणि त्याने दोन्ही हातांचे अंगठे अडकवून पक्षी उडवला. तिने बघितलं. तिनेही अंगठे अडकवले. त्याने पक्षी खाली बसवला, तिने बसवला. महिन्याभरात तो माणूस पहिल्यांदा हसला.

त्याच वेळी तुमच्या स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मला इकडे फोनमध्ये खणकन ऐकू आलं. सूनबाई दचकली, तू मान वळवलीस. चिऊ नाही. तिच्या पापणीनेसुद्धा दखल घेतली नाही.

शिंप्याला आवाज ऐकू आलाच नव्हता. पण तुम्ही दोघं वळलात आणि ती वळली नाही, एवढं त्याने बघितलं. तुमचा फोन बंद झाल्यावर त्याने माझ्या बाहीला हात लावला. पडद्याकडे बोट केलं, स्वतःच्या कानाला लावलं, मग छातीवर ठेवलं. ती माझ्यासारखी आहे का, असं विचारत होता.

मी फोन खिशात टाकला आणि गोळ्यांचा ट्रे उचलला.

बाळा, मी आडपडद्याने बोलत नाही, तुला माहीत आहे. तपासलंय का तिला? काय ते खरं सांग. मी आत्या आहे तुझी, शिवाय जन्मभर सिस्टर. मला ऐकायची सवय आहे.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं.

चिऊ त्या वेळी खेळात रमली होती. मुलं रमली की ऐकत नाहीत, तू एवढी मुलं पाहिलीस, तुला माहीत असायला हवं. त्या गृहस्थांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, पण एका भेटीत कुणाबद्दल असं ठरवू नये.

पाटीबद्दल: जास्त लोक एकदम जोडले गेले तर चित्र अडकेल. पासवर्ड सगळ्यांना वाटू नकोस. उन्हाळ्यात तापेल, तेव्हा वर काही ठेवू नकोस.

कळावे.


२ मार्च

आत्या, नमस्कार.

तुमच्या भाच्याला न सांगता लिहितेय. आजवर असं काही केलं नाही, पण आता माझ्याच्याने राहवत नाही.

चिऊला ऐकू येत नाही. गेल्या वर्षीच कळलं. दोन ठिकाणी तपासलं, दोन्हीकडे एकच सांगितलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "मशिनी चुकतात, माझा जन्म मशिनीत गेलाय, मला सांगू नकोस." त्यानंतर विषय बंद. सासूबाईंना सांगायचं नाही, सासऱ्यांना नाही, तुम्हाला नाही. तो रोज तिच्या पाठीमागे उभा राहून टाळ्या वाजवतो. कधी तिला पायाखाली हादरा जाणवतो आणि ती वळते. मग हा माझ्याकडे असा बघतो, आत्या, की मला 'नाही' म्हणवत नाही.

तो वाईट नाही. तिच्यासाठी जीव टाकतो. पण तो एका आवाजाची वाट बघतोय आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

त्या रविवारनंतर चिऊ रोज टेबलाजवळ जाते. कॉम्प्युटरचा पडदा बंद असतो, काळा. त्याच्यासमोर उभी राहते आणि अंगठे अडकवून पक्षी उडवते. थांबते. पुन्हा उडवते. कुणी उत्तर देत नाही म्हटल्यावर निघून येते.

हे तुम्हाला सांगितल्याचं त्याला कळलं तरी चालेल मला. फक्त त्याला रागावू नका.

तुमची सून


१० मार्च

खटपट्या,

तुझं पत्र मिळालं. तू म्हणतोस तर तसं. मी इकडचीच हकीकत सांगते.

पंधरा दिवसांपूर्वी शिंपीदादाच्या बायकोचा फोन लागला. त्यांच्या शेजारच्या दुकानदाराची पोरगी आहे कॉलेजात जाणारी, तिच्या फोनवरून. ती लहानपणापासून यांच्या दुकानात पडीक, त्यामुळे तिला यांची हातांची भाषा येते. आम्ही सगळे श्वास धरून होतो. मला वाटलं, आता दोघं रडणार. मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता.

कसलं काय! बायकोने पहिल्याच मिनिटाला एक शिवलेला शर्ट पडद्यासमोर धरला. हा कपाळाला हात लावून उठलाच. खिसा तिरका बसला होता म्हणे! मग जे जुंपलं! हा हवेत कापड उसवतोय, ती कमरेवर हात ठेवून मान हलवतेय, मधे ती पोरगी हसून हसून फोन हलवतेय. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "सिस्टर, एवढं खणखणीत भांडण मी चाळीस वर्षांच्या संसारात केलं नाही." शेवटी बायकोने शर्ट खाली ठेवला आणि एकच खूण केली, सावकाश. तो एकदम मऊ झाला. पोरीला विचारलं तर म्हणाली, "मावशी म्हणतेय, मग घरी येऊन सरळ कर."

त्यानंतर त्याने गोळ्या मागून घेतल्या. एकेक जिभेवर ठेवायचा, पाणी प्यायचा आणि तोंड उघडून तिला दाखवायचा. आता हे रोजचंच ठरलंय. ती बघितल्याशिवाय तो घेत नाही आणि तो घेतल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

आणि हो, परवानगीचं विचारलं होतंस. नव्हती घेतली. मोठे डॉक्टर राउंडला आले, खिशातला फोन काढला आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्या फोनवर ही आत्याबाई कोण?" सगळा वॉर्ड खाली मान घालून बसला. मी सांगितलं सगळं. ते म्हणाले, "आधी विचारलं असतं तर—" मी म्हटलं, "साहेब, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. विचारलं असतं तर तुम्हाला वर विचारावं लागलं असतं, आणि वरचे अजून विचारच करत बसले असते." ते रागावले, रागवायचा त्यांचा हक्कच होता. पण नेमका तेव्हा शिंप्याचा फोन चालू होता. डॉक्टर दारातच उभे राहून बघत राहिले, बऱ्याच वेळाने म्हणाले, "रिपोर्ट पाठवायच्या वेळी हे बंद ठेवा. बाकी मी बघतो." आता बाकीच्या रोग्यांनाही पाळीपाळीने मिळतं. सकाळी मी आले की विचारतात, "आत्याबाई आल्या का?" मला विचारतायत की जाळ्याला, कळत नाही.

रविवारी बायकोचा फोन झाला तरी शिंपीदादा चारच्या सुमाराला तिथेच बसून राहतो, वॉर्डात ठेवलेल्या माझ्या फोनसमोर. कुणाची वाट बघतो ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तुझी आत्या


२ एप्रिल

आत्या,

तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. व्हिडिओवर बोलता आलं असतं, पण तोंडासमोर तोंड असताना हे बोलवलं नसतं मला.

तुझं शेवटचं पत्र वाचून मी खिशात ठेवून दिलं. रविवारी बाहेरून आलो. चिऊ टेबलाजवळ होती. मी दारातून हाक मारली, नेहमीसारखी. पुन्हा मारली. ती काळ्या पडद्यासमोर उभी राहून हात हलवत होती. माझी पाठमोरी पोर त्या पडद्याला हाक मारत होती, आत्या, आणि मी तिला हाका मारत होतो. दोघांनाही उत्तर नव्हतं.

मी पडदा चालू केला. तुमचा नंबर लावला. तू नव्हतीस, तो होता. बसलेलाच होता.

पुढचा पाऊण तास मी खुर्चीच्या मागे उभा होतो. त्याने तिला पाणी दाखवलं, पेला दाखवून. मांजर दाखवलं, मिशा ओढून. पोट दुखतं कसं सांगायचं ते दाखवलं. माझ्या लेकीचं पोट दुखतं तेव्हा ती रडते आणि आम्ही घरभर अंदाज करत फिरतो, डोकं का, दात का, भूक का. इतकी साधी गोष्ट. तिने ती खूण चार वेळा केली आणि पाचव्यांदा माझ्याकडे वळून केली.

मी आत जाऊन रडलो. तुझी सून आली, शेजारी बसली. मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही." ती म्हणाली, "हो." वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

मला वाटायचं, मी मान्य केलं की ते खरं होईल, आणि मान्य करत नाही तोवर कुठेतरी दार किलकिलं राहील. ते किलकिलं ठेवण्यात मी तिलाच बाहेर उभी केली होती.

आई-बाबांना सांगितलं. आई रडली. बाबा काही बोलले नाहीत. बाबा गप्प बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. शिंपीदादाला विचारशील? त्या कॉलेजातल्या मुलीची मदत घेऊन, नीट. तो लहान होता तेव्हा त्याच्या वडलांनी काय करायला हवं होतं? जे केलं नाही ते. मला ते कळायला हवं.

तुझा
खटपट्या


११ एप्रिल

माझ्या लाडक्या बाळा,

पत्र छातीशी धरून बसले होते. सिस्टर लोकांनी रडू नये असा नियम आहे, तो मी ड्यूटी संपल्यावर मोडला.

तुझा प्रश्न विचारला. शिंपीदादा इकडे, त्याची बायको आणि ती पोरगी पडद्यावर. पोरगी त्याचे हात वाचून मला शब्दांत सांगत होती. आधी तो हसला. म्हणाला, माझा बाप चांगला होता. जत्रेतून माझ्यासाठी आधी खेळणं घ्यायचा, मग भावांसाठी. कधी हात उगारला नाही. गावात कुणी मला मुका म्हटलं तर अंगावर धावून जायचा.

मग म्हणाला, पण तो जन्मभर माझ्याशी मोठ्याने बोलला. मला वाटतं, त्याला वाटायचं की पुरेसं मोठ्याने बोललं तर कधीतरी पोचेल. त्याच्या घशाच्या शिरा मला अजून आठवतात. मी माझी भाषा दुसऱ्या मुलांकडून शिकलो, तेरा वर्षांचा झाल्यावर. बापाला शिकवायला गेलो तर तो म्हणायचा, माझं वय झालं.

मी विचारलं, म्हणजे वाईट काय वाटतं तुला? तर तो म्हणाला, "आमचं कधी भांडण झालं नाही. मला त्याच्याशी एकदा तरी भांडायचं होतं. त्याला सांगायचं होतं, तुझं चुकतंय. त्याने म्हणायचं होतं, तुझंच चुकतंय. त्याला मी लाडका होतो, पण मी कोण आहे ते त्याला कधी कळलं नाही."

हे सांगून झाल्यावर त्याने मला तुझ्यासाठी निरोप दिला: पोरीला शिकवू नकोस. तिच्याबरोबर शीक. तिच्यापुढे चुक. तिला हसू दे.

मी काही जास्तीचं लिहीत नाही. त्याने सांगितलं त्यात सगळं आलं. तुमच्या शहरात अशा मुलांची शाळा असेलच, तिथे जा. मशिनीने थोडं ऐकू येत असेल तर तेही करा. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं. औषध आणि जेवण दोन्ही लागतात.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, मी वेगळं पत्र टाकलंय.

तुझी आत्या


२० जून

आत्या,

आता रविवारी तुझं तोंड दिसतं, तरी हे लिहून पाठवावंसं वाटलं.

शाळा सुरू झाली. चिऊची सकाळची, आणि आम्हा दोघांची शनिवारी संध्याकाळी, लहान बाकांवर गुडघे कोंबून. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी 'माझी मुलगी हुशार आहे' म्हणायला गेलो आणि 'माझी मुलगी बटाटा आहे' असं काहीतरी म्हटलं. बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. चिऊच्या कानाला यंत्रही लावलंय. मोठे आवाज तिला कळतात, ट्रक गेला की माझ्याकडे बघते. बोलणं अजून नाही, कदाचित थोडं येईल, कदाचित नाही. बाबांनी काय केलं माहीत आहे? ते शाळेच्या फाटकावर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना विचारून 'आजोबा' शिकून आले. चुकीचं शिकवलंय कुणीतरी, वात्रट पोरं! बाई म्हणाल्या, त्याचा अर्थ म्हातारी बकरी होतो. चिऊ आता त्यांना तसंच म्हणते आणि ते ऐटीत मान डोलावतात. मी सुधारणार नाही.

शिंपीदादाच्या तपासण्या सलग स्वच्छ आल्या, उघड्या वॉर्डात हलवलं, हे तू सांगितलंसच. त्याने चिऊला खुणेचं नाव दिलं तेही तू पाहिलंस, गालावरच्या खळीत बोट फिरवून. बाई म्हणाल्या की असं नाव आपलं आपल्याला ठेवता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. मी विचारलं, मग मला कोण देणार? त्या म्हणाल्या, घाई करू नका, मिळेल.

तर आज सकाळची गोष्ट. मी टेबलाशी काम करत होतो, पाठ दाराकडे. पायाखालच्या लाकडी जमिनीवर धप्, धप् असे दोन हादरे जाणवले. वळलो. चिऊ दारात उभी होती, पाय आपटून माझी वाट बघत. मी वळलेला बघितल्यावर तिने उजव्या हाताचं बोट नाकावर ठेवलं आणि नसलेला चष्मा वर सरकवला. दोनदा. मला कळेना. तिने पुन्हा केलं, जरा चिडून, मग माझ्याकडे बोट केलं. मी दिवसातून शंभर वेळा तसा चष्मा वर ढकलतो, आत्या. ते मी होतो. ती माझं नाव घेत होती.

मी छातीवर हात ठेवून विचारलं, मी? तिने मान हलवली, असली कसली शंका, अशा चेहऱ्याने, आणि पुन्हा हाक मारली.

तिला तिचा बूट सापडत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून शोधला. मग बूट सापडल्यावर तिने मला पुन्हा एकदा हाक मारली, विनाकारण. मी वळलो. ती हसली आणि पळाली. सकाळपासून हेच चाललंय. मी दोन ओळी लिहितो की जमीन हलते.

आताही हलली. ती बोलावतेय, जातो.

खटपट्या